फोन कान देऊन ऐकतो तेव्हा

गेल्या दिवाळीत ताईकडे साताऱ्याला गेले होते. भाचा पहिलीत आहे. जेवणं उरकल्यावर तो फोनवरचं वाचनाचं ॲप उघडून सोफ्याच्या कोपऱ्यात बसला आणि मोठ्यानं वाचू लागला. पडद्यावर बैलगाडीचं चित्र, खाली एक वाक्य. त्यात ‘चाक’ हा शब्द आला. आपण घरात म्हणतो तसाच त्यानं तो वाचला, ‘त्स’च्या जवळ जाणारा च लावून. फोननं शब्द लाल केला. पुन्हा वाचला, पुन्हा लाल. मग फोनमधल्या बाईनं ‘बरोबर’ उच्चार करून दाखवला. त्यात ‘चहा’तला च होता. पोरानं क्षणभर विचार केला, बाईसारखं म्हटलं, शब्द हिरवा झाला आणि एक तारा मिळाला. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात तो सायकलचं चाक त्या बाईच्या उच्चारात म्हणत होता.

ताईला गंमत वाटली. मला मात्र ते लागून राहिलं. पोरानं बरोबर वाचलं होतं, चुकला होता फोन, आणि तरी माघार पोरानं घेतली. त्या रात्री मी ते ॲप उघडून बसले, मग आणखी चार उतरवून घेतली. ही ॲप मुलाचं वाचन ऐकतात म्हणजे नेमकं काय करतात, कुठे उपयोगी पडतात आणि कुठे फसतात, ते समजून घ्यायचं होतं. ॲप मुलाचं वाचन तपासतं ते ठीक. ॲपचं मराठी तपासायला घरातलंच कुणीतरी बसावं लागतं.

आधी वाचनाबद्दल थोडं. फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर या दोन अभ्यासकांनी १९८६ मध्ये वाचनाचं एक साधं सूत्र मांडलं: अक्षरांची उकल गुणिले भाषेची समज. बेरीज नव्हे, गुणाकार. दोन्हींपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्य. साताऱ्यातल्या सहा वर्षांच्या पोराकडे दुसरी बाजू भरपूर असते. आजीच्या गोष्टी, शेजारणीची भांडणं, क्रिकेटची कॉमेंट्री, सगळं त्याला कळतं. त्याचं अडतं ते कागदावरच्या खुणांतून ते बोलणं परत उभं करताना. न्यू जर्सीत रविवारच्या मराठी शाळेत जाणाऱ्या मुलाचं उलट असतं. त्याला इंग्रजीमुळे वाचनाची रीत ठाऊक असते, पण ‘उंबरा’ म्हणजे काय ते माहीत नसतं. एकच ॲप या दोघांना सारखं उपयोगी पडणार नाही. पहिल्याला उकलीचा सराव हवा, दुसऱ्याला आधी ऐकायला गोष्टी हव्यात.

आणि मराठीत ही उकल म्हणजे काही चार दिवसांचं काम नाही. २००९ च्या शासन निर्णयानं मराठीची वर्णमाला ५२ वर्णांची ठरवली, त्यात ‘ॲ’ आणि ‘ऑ’ अधिकृतपणे आले. पण मूल फक्त ५२ आकार शिकत नाही. ३४ व्यंजनांना पारंपरिक बाराखडीनं गुणलं तर ४०८ अक्षरं होतात आणि जोडाक्षरं अजून बाकीच असतात. एकटा र घेतला तरी ‘प्रकाश’, ‘सूर्य’, ‘ट्रक’ आणि ‘तऱ्हा’ या चार शब्दांत तो चार वेषांत येतो. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांवर केलेल्या अभ्यासात दिसलं, की अक्षरांचा हा सगळा संच पक्का व्हायला चौथी-पाचवी उजाडते. इंग्रजीतली २६ अक्षरं त्या मानानं लवकर संपतात, तिथली डोकेदुखी स्पेलिंगची. आपल्याकडे लिपी उच्चाराशी बरीच प्रामाणिक आहे, पण पसारा मोठा. पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात मराठी आणि कर्नाटकात यादगीरला कन्नड वाचायला शिकणाऱ्या मुलांचा पहिली ते तिसरी असा माग काढणारा एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. तिसरीच्या शेवटीही पुष्कळ मुलं मात्रा आणि जोडाक्षरांशी झगडताना त्यात दिसली. ‘असर’ पाहणीनुसार ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी मुलं २०२२ मध्ये २०.५ टक्के होती, २०२४ मध्ये २७.१ टक्के.

पसारा मोठा असला की सराव पुष्कळ लागतो, आणि हा सराव मोठ्यानं वाचून, कुणाला तरी ऐकवून झाला तर चुका जागच्या जागी कळतात. इथे गणित आडवं येतं. वर्गात तीस मुलं असली आणि बाईंनी प्रत्येकाचं दोन मिनिटं वाचन ऐकायचं ठरवलं तर एक तास गेला. घरी आईबाबा कामावरून दमून येतात. न कंटाळणारा, न रागावणारा कान ही या ॲपची खरी पुंजी आहे.

बाजारात दिसणारी ॲप ढोबळमानानं तीन जातींची. पहिली अक्षरं गिरवून घेणारी. धूळपाटीचा हा नवा अवतार. ठिपक्यांवरून बोट फिरवायचं, अक्षर पूर्ण झालं की फुगे उडतात. यात एकच गोष्ट बघावी, ती म्हणजे अक्षरं कोणत्या क्रमानं येतात. आपल्याकडे ‘गमभन’ म्हणतात ते उगीच नाही. ग, म, भ, न यांची वळणं एकमेकांशी नातं सांगतात आणि एवढ्या चार अक्षरांत एखाददुसरा काना घातला की ‘मन’, ‘नभ’, ‘मान’, ‘गाभा’ असे खरे शब्द तयार होतात. जे ॲप क, ख, ग, घ, ङ असं वर्णमालेच्या रांगेनं जातं, ते मुलाला ‘ङ’पर्यंत नेतं आणि तोवर वाचण्याजोगा शब्द फारसा देत नाही. (‘ङ’वरून शब्द कोणता, या प्रश्नावर आमच्या शाळेतल्या बाईही हसून पुढे जायच्या.) शिवाय गिरवणं म्हणजे वाचणं नव्हे. ‘भ’ सुंदर गिरवणारं मूल ‘भात’ पाहून गप्प बसू शकतं.

दुसरी जात गोष्ट वाचून दाखवणाऱ्यांची. प्रथम बुक्सनं ८ सप्टेंबर २०१५ ला, म्हणजे जागतिक साक्षरता दिनी, ‘स्टोरीवीव्हर’ हे संकेतस्थळ सुरू केलं. तिथे मराठीसकट कितीतरी भाषांतली चित्रपुस्तकं चार पातळ्यांत लावलेली आहेत, फुकट आहेत, आणि खुल्या परवान्यामुळे उतरवून छापताही येतात. काही ॲपमध्ये आवाज चालू असताना उच्चारला जाणारा शब्द रंगतो. ही कल्पना फोनच्याही आधीची. ब्रिज कोठारी यांनी १९९६ च्या सुमाराला चित्रपटगीतांच्या शब्दांना त्याच भाषेत उपशीर्षकं देण्याचा विचार मांडला, आणि पुढे दूरदर्शनच्या गाण्यांच्या कार्यक्रमांत ती झळकली. ओळखीचं गाणं, कानावर पडणारा शब्द आणि त्याच क्षणी रंगणारी अक्षरं, यांनी डोळ्याला नकळत सराव होतो. मात्र ज्याला अजून अक्षरंच फारशी ओळखता येत नाहीत, त्याची नजर चित्रावर खिळलेली असते, रंगणाऱ्या ओळीवर नाही. शेजारी बसून शब्दाखाली बोट फिरवणारं कुणी असेल तरच ती नजर खाली उतरते.

तिसरी जात ऐकणाऱ्यांची. माझ्या भाच्याची गाठ पडली ती या जातीशी. गूगलनं मार्च २०१९ मध्ये भारतात ‘बोलो’ नावाचं असं ॲप आणलं, आधी हिंदी आणि इंग्रजीसाठी. २०२० मध्ये त्याचं नाव ‘रीड अलाँग’ झालं आणि नऊ भाषांत ते जगभर गेलं, त्यात मराठीही होती. त्यातली ‘दिया’ नावाची मुलगी वाचन ऐकायची, अडलं तर शब्द सांगायची. पुस्तकं एकदा उतरवली की ते नेटशिवाय चालावं आणि आवाज फोनमध्येच तपासला जावा अशी त्याची रचना होती. पुढे या घाटाची आणखी ॲप आली.

यांचं काम कसं चालतं? आजी परवचा म्हणून घेते तसं. आजीला बे दाहे वीस आधीच पाठ असतं. नातवाच्या तोंडून काहीही निघालं तरी तिला फक्त एवढंच बघायचं असतं, की ते तिच्या डोक्यातल्या पाढ्याशी जुळतं का. फोनलाही पडद्यावरचं वाक्य आधीच ठाऊक असतं. ‘गाडीचं चाक मोडलं’ हे तीन शब्द त्यानंच दाखवलेत. त्यामुळे पोर काय बोललं, हा मोठा प्रश्न त्याला सोडवायचा नसतो. जे कानावर आलं ते या तीन शब्दांशी कितपत जुळतं, एवढंच मोजायचं असतं.

मोजणं असं होतं. माइकमधून आलेला आवाज सेकंदाला शंभरेक बारीक तुकड्यांत कापला जातो. प्रत्येक तुकड्यात कोणत्या पट्टीतला आवाज किती जोरकस आहे ते पाहिलं जातं. हजारो माणसांचं बोलणं ऐकून तयार केलेला नमुना मग अंदाज बांधतो, की हा तुकडा ‘आ’चा असण्याची शक्यता इतकी, ‘क’चा असण्याची तितकी. दुसऱ्या बाजूला ॲपकडे एक उच्चारांची वही असते. त्यात प्रत्येक शब्दासमोर त्याचे ध्वनी लिहिलेले असतात. ऐकलेले तुकडे आणि वहीतले ध्वनी शेजारी शेजारी ठेवले जातात, जुळणीला गुण मिळतात, आणि ठरावीक गुणांच्या वर शब्द हिरवा, खाली लाल.

यात दोन जागा नाजूक आहेत. पहिली ती ठरावीक रेघ. लहान मुलाच्या गळ्यापासून ओठांपर्यंतची नळी आखूड असते, म्हणून त्याचा आवाज मोठ्यांपेक्षा वेगळ्या पट्टीत पडतो, आणि नमुने बहुतेककरून मोठ्यांच्या आवाजावर घडवलेले असतात. त्यात सहा-सात वर्षं म्हणजे पुढचे दात पडण्याचं वय. ‘सशाचे दात’ म्हणायला सांगा, निम्मी हवा फटीतून जाते. शिवाय मागे कुकरची शिट्टी, टीव्हीवरची मालिका. रेघ कडक ठेवली तर नीट वाचणारं मूल उगाच नापास होतं. म्हणून बरेच बनवणारे ती सैल ठेवतात. सैल रेघेचा परिणाम असा, की पोर ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणालं तरी हिरवं आणि ‘मासा’ला ‘माशी’ म्हणालं तरी कधी कधी हिरवंच. पहिल्यावर माझी तक्रार नाही, कारण महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत पानीच पितात आणि त्या मुलाला अक्षर कळलेलं असतं. दुसऱ्यावर आहे, कारण तिथे मात्रा वाचायची राहून गेली.

दुसरी नाजूक जागा उच्चारांची वही, आणि चाक तिथेच रुतलं असावं. मराठीत च, ज, झ यांना दोन-दोन उच्चार आहेत आणि लिपीत त्यांची वेगळी खूण नाही. ‘चिमणी’चा च वेगळा, ‘चाक’चा वेगळा. ‘चंद्र’ एका बाजूला, ‘चांदणी’ दुसऱ्या. ‘चमचा’मधले दोन्ही च एका जातीचे, पण अनेकवचन करून ‘चमचे’ म्हटलं की मागचा च जात बदलतो. ‘माझा’ आणि ‘माझी’तला झ तोंडानं म्हणून बघा. हे आपल्याला कुणी शिकवत नाही, आईच्या दुधाबरोबर येतं. हिंदीसाठी केलेली वही थोडीफार डागडुजी करून मराठीला लावली, तर तिच्यात च एकच असतो आणि मग प्रत्येक चाक ‘चहा’सारखं फिरतं.

म्हणून मूल फोन हातात घेण्याआधी आपण दहा मिनिटं घ्यावीत. फोनमधल्या बाईला बोलायला लावावं. चाक, चार, चमचा, माझा, माझी, झाड हे शब्द गोष्टीत कुठे भेटतात ते शोधून ऐकावेत. मग लपलेला अ बघावा. ‘गवत’ म्हणताना व पूर्ण येतो, ‘गवताचा’ म्हणताना तोच व अर्धा होतो, लिहिताना मात्र काहीच बदलत नाही. ‘समज’ आणि ‘समजा’चंही तसंच. चांगला आवाज हे सांभाळतो, वाईट आवाज ‘ग-व-ता-चा’ असं रेल्वे स्थानकावरच्या घोषणेसारखं तोडतो. ऱ्हस्व-दीर्घाची अपेक्षा मात्र ठेवू नये. बोलताना आपणच तो फरक फारसा पाळत नाही, फोनला कुठून ऐकू येणार? तो लिहिताना शिकायचा.

कानानं झालं की डोळ्यानं. मराठीचा ल पाकळ्यांचा आणि श देठाचा, हिंदीत ल दंडाचा आणि श गाठीचा. शासन निर्णयानं मराठीसाठी आपली वळणं ठरवून दिली आहेत, बालभारतीच्या पुस्तकात मूल तीच बघतं. फोनमध्ये मात्र दोन्हींचा संकेतांक एकच असतो, आकार कोणता दिसायचा ते फाँट ठरवतो. काही फाँटमध्ये मराठी वळणं आत दडलेली असतात, पण मजकूर मराठी आहे असं ॲपनं सांगितलं तरच ती बाहेर येतात. आळशी ॲप ते सांगत नाही. मोठ्यांचं यानं काही अडत नाही, पण ज्याला काल ‘ल’ कळला त्याच्यासमोर आज दुसराच ल उभा राहिला तर तो ते नवं अक्षर समजतो. जाता जाता ‘दऱ्या’ आणि ‘तऱ्हा’ही बघून घ्यावेत, तिथला र धड दिसतो का ते. आणि पहिल्या वेलांटीकडे मूल कसं बघतं तिकडे लक्ष ठेवावं. ‘कि’मधली वेलांटी डोळ्याला आधी भेटते, तोंडात नंतर येते. डावीकडून उजवीकडे एकेक खूण वाचत जाणारं मूल इथे हमखास अडखळतं. कितीही तारे दिले तरी ही अडखळ सुटत नाही. कुणीतरी पेन घेऊन एकदा दाखवावं लागतं.

विमानाचं चिन्ह दाबून, म्हणजे नेट पूर्ण बंद करून, ॲप ऐकतं का तेही पाहावं. तेव्हाही ऐकत असेल तर निदान ऐकण्यासाठी त्याला मुलाचा आवाज बाहेर पाठवण्याची गरज नाही, एवढं कळतं. ऐकत नसेल तर आवाज कुठेतरी जातोय असं समजावं आणि परवानग्यांचं पान उघडावं.

पातळी ठरवायला ॲपची सुरुवातीची चाचणी मला फारशी भरवशाची वाटली नाही. ‘असर’वाले २००५ पासून वापरतात ती पद्धत घरी सहज जमते: सुटी अक्षरं, साधे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल जिथे न अडखळता पोचतं तिथून किंचित वरची पुस्तकं निवडायची. पानावर दहा शब्द असतील आणि एखाददुसरा अडत असेल तर ठीक. चार-पाच अडत असतील तर पुस्तक आत्ता त्याचं नाही.

सगळ्यात मोठा फसवा प्रकार मला तिसऱ्या दिवशी दिसला. भाचा एक गोष्ट धडाधड वाचत होता, सगळे शब्द हिरवे, ताऱ्यांचा पाऊस. मी हळूच पडद्यावर हात ठेवला. तो वाचतच राहिला! गोष्ट पाठ झाली होती. आजीसारखाच फोनही शब्द जुळतात का एवढंच बघतो, ते डोळ्यांतून आले की डोक्यातून, हे त्याला कळायला मार्ग नाही. पाठ होणं वाईट नाही, प्रत्येक वाचणारं मूल त्या पायरीवरून जातं. फक्त त्याला वाचन समजू नये. चित्र झाकावं, शेवटची ओळ आधी विचारावी, मधल्याच एका शब्दावर बोट ठेवून ‘हा कुठला?’ म्हणावं. किंवा त्याच शब्दांचं नवं वाक्य कागदावर लिहून द्यावं.

वेगाच्या आकड्यांकडे थोडं सावधपणे बघावं. काही ॲप मिनिटाला किती शब्द वाचले ते दाखवतात. ५ जुलै २०२१ ला सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ या सरकारी मोहिमेनं दुसरीच्या शेवटी मिनिटाला ४५ ते ६० शब्द असं लक्ष्य ठेवलं आहे. पण शब्द म्हणजे काय, तेच भाषेगणिक बदलतं. हिंदीत ‘घर के सामने’ हे तीन शब्द, मराठीत ‘घरासमोर’ एकच. आपल्याकडे विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं नामाला चिकटतात, त्यामुळे ‘शाळेतल्यांनासुद्धा’ एवढा लांब डबा एका शब्दात मोजला जातो. मराठी मूल मिनिटाला थोडे कमी शब्द वाचत असेल तर ते आपोआप मागे पडलं असं होत नाही. आणि वेगाचं घड्याळ समोर लावलं की मुलं विरामचिन्हं गिळतात, हे मी पाहिलं.

वेळेचं म्हणाल तर भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास पडदा सांगते, दोन वर्षांखाली अजिबात नाही. भाचा त्याहून थोडा मोठा, पण हीच मोजपट्टी धरली तर त्या तासात कार्टूनही येतं. वाचनाच्या ॲपला पंधरा मिनिटं पुष्कळ झाली. आम्ही असं ठेवलं: दहा मिनिटं त्यानं फोनला वाचून दाखवायचं, मग फोन उलटा ठेवायचा आणि त्यातलीच गोष्ट मला सांगायची. कोल्हा का पळाला? तू असतास तर? ‘उंबरा’ कुठे असतो, दाखव. गुणाकारातली दुसरी संख्या फोनच्या हाताबाहेर आहे. तो शब्द ऐकतो, गोष्ट ऐकत नाही.

निघायच्या आदल्या दिवशी मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘राजू चार गाई चारतो’, आणि त्याच्यासमोर धरलं. पहिल्यांदा त्यानं दोन्ही च फोनमधल्या बाईसारखे वाचले. मग थांबला, पुन्हा पाहिलं. “मावशी, गाई *चारतो* ना!” आता दुसरा च घरचा होता. मग त्यानं मला तेच वाक्य फोनवर टाइप करायला लावलं आणि वाचून दाखवायचं बटण दाबलं. बाईनं दोन्ही च एकाच सुरात वाचले. त्यानं पुन्हा बटण दाबलं, पुन्हा तेच. चार-पाच वेळा दाबून झाल्यावर तो स्वयंपाकघराकडे पळाला. “आई, हिला येतच नाही!”